अग्नी राखणाऱ्यांची भाषा : पोटावाटोमी कशी हिरावली गेली आणि आज कशी परत मिळवली जात आहे

शिकागो शहराच्या उत्तरेला स्कोकी आणि वॉकीगन नावाची गावे आहेत. कॅन्सस आणि ओक्लाहोमा या दोन्ही राज्यांत पोटावाटोमी नावाचा जिल्हा आहे. आयोवा राज्यातही त्याच नावाचा, फक्त स्पेलिंग थोडे वेगळे असलेला जिल्हा आहे. नकाशावर नावे जिवंत आहेत. पण ही नावे ज्या लोकांची, त्यांची भाषा लहानपणापासून घरात बोलत आलेली माणसे आज बोटांवर मोजावी लागतात. स्वतः पोटावाटोमी असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी 2013 साली 'ब्रेडिंग स्वीटग्रास' या पुस्तकात अस्खलित बोलणाऱ्यांची संख्या नऊ दिली होती. ही संख्या वाढण्याचा प्रश्नच येत नाही. मध्ये दोन पिढ्या गेल्या, ज्यांना घरात ही भाषा मिळालीच नाही. आता वाढेल ती शिकून बोलणाऱ्यांची संख्या, आणि सध्याची सगळी धडपड त्यासाठीच चालू आहे.

युनेस्कोने या भाषेला संकटग्रस्त भाषांच्या शेवटच्या पायरीवर ठेवले आहे. या पायरीच्या पुढे फक्त 'नष्ट' हा शेरा उरतो. सर्वांत तरुण भाषिक आजी-आजोबांच्या वयाचे असतील आणि तेही ती अधूनमधूनच बोलत असतील, तर भाषा या पायरीवर येते.

'भाषा मेली' असे आपण सहज म्हणून जातो. जणू ती म्हातारी झाली आणि गेली. पोटावाटोमीचा इतिहास वाचला की हे क्रियापद बदलावे लागते. ही भाषा तिच्या माणसांकडून कायदे करून, सैन्य पाठवून आणि शाळा उघडून काढून घेतली गेली. हे काम कसे झाले हे समजल्याशिवाय ती परत मिळवणे इतके कठीण का आहे, हे कळणार नाही.

पोटावाटोमी लोक मूळचे मिशिगन सरोवराच्या भोवतालचे, म्हणजे आजच्या मिशिगन, इंडियाना, इलिनॉय आणि विस्कॉन्सिन या राज्यांतले. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या तीन भाऊबंद समाजांच्या संघाला 'तीन अग्नींची परिषद' म्हणतात. त्यात ओजिब्वे थोरला, ओडावा मधला आणि पोटावाटोमी धाकटा भाऊ. परिषदेचा अग्नी राखण्याची जबाबदारी धाकट्याकडे होती, म्हणून ते स्वतःला 'बोदेवाद्मी' म्हणतात, म्हणजे अग्नी राखणारे. त्यांच्या भाषेचे नाव 'बोदेवाद्मिम्वेन'. ती अल्गोंक्वियन कुळातली भाषा आहे.

1830 साली अमेरिकेच्या संसदेने इंडियन रिमूव्हल ॲक्ट मंजूर केला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मूळनिवासींना नदीपलीकडे हलवण्याचा हा कायदा. 1833 च्या शिकागो करारात पोटावाटोमी आणि त्यांच्या भाऊबंदांकडून सुमारे 50 लाख एकर जमीन लिहून घेण्यात आली. इंडियानातील मेनॉमिनी नावाच्या प्रमुखाने मात्र जमीन विकण्याच्या करारावर सही केली नव्हती आणि तो जागा सोडायला तयार नव्हता. 1838 च्या ऑगस्टअखेरीस जनरल जॉन टिप्टन यांच्या हुकमतीखाली सशस्त्र शिपाई त्याच्या गावात घुसले. 4 सप्टेंबरला 859 माणसांना बंदुकीच्या धाकाने चालवायला सुरुवात झाली. दुष्काळाचे वर्ष होते, वाटेत पाणी मिळेना आणि मिळाले तर ते दूषित. साधारण 1,060 किलोमीटर चालून दोन महिन्यांनी हे लोक कॅन्ससमध्ये पोहोचले, तेव्हा 40 हून अधिक जण वाटेत मेले होते. त्यात बहुतेक लहान मुले होती. या वाटचालीला आजही 'ट्रेल ऑफ डेथ', म्हणजे मृत्यूची वाट, असेच म्हणतात.

पण सगळेच गेले नाहीत, आणि भाषेच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. लिओपोल्ड पोकॅगन या प्रमुखाने कॅथलिक धर्म आणि वाटाघाटी यांच्या आधाराने आपल्या लोकांसाठी मिशिगनमध्ये राहण्याची मुभा मिळवली. काही जण कॅनडात गेले. काही जण उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलात निसटले आणि पुढची कित्येक दशके स्वतःची जमीन नसताना तिथे राहिले. सरकारी कागदांत त्यांना 'भटके पोटावाटोमी' म्हणत. कॅन्ससला पोहोचलेल्यांतही पुढे फूट पडली. 1861 च्या कराराने ज्यांनी सामुदायिक जमिनीऐवजी वैयक्तिक तुकडे आणि नागरिकत्व घेतले ते 'सिटिझन' पोटावाटोमी झाले. त्यांच्या बहुतेक जमिनी थोड्याच वर्षांत हातातून गेल्या आणि ते आजच्या ओक्लाहोमात गेले. ज्यांनी तुकडे घ्यायला नकार दिला ते 'प्रेअरी बँड' कॅन्ससमध्येच राहिले.

आता भाषा कुठे टिकली ते बघा. जे लोक सरकारच्या दृष्टीने सर्वांत मागास, भूमिहीन आणि जंगलात लपलेले होते, त्या विस्कॉन्सिनच्या फॉरेस्ट काउंटीत ती सर्वांत जास्त काळ टिकली. कॅन्ससच्या प्रेअरी बँडमध्येही बराच काळ टिकली. दोन्हीकडे लोक एकत्र राहत होते आणि नामकरण, अंत्यविधी, सामूहिक प्रार्थना त्यांच्याच भाषेत होत होत्या. ज्यांनी करार पाळून नागरिकत्व घेतले आणि गोऱ्या शेजाऱ्यांमध्ये विखुरले, त्यांच्या घरात इंग्रजी आधी आली. व्यवस्थेने 'प्रगती' म्हणून जे दिले त्याची किंमत भाषेने चुकवली, असे मला वाटते. अर्थात नागरिकत्व घेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर ठेवलेले दोन्ही पर्याय वाईट होते.

शाळा नावाचे हत्यार

जमीन गेली तरी भाषा राहू शकते. ती घराच्या आत असते. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी शाळा लागली. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइल इंडियन स्कूल सुरू केले. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन संपवला पाहिजे, ही त्याची उघड भूमिका होती. मुले आईबापांपासून तोडून शेकडो मैल दूर न्यायची, केस कापायचे, नाव बदलायचे, आणि स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा करायची. किमरर यांचे आजोबा लहान वयात याच कार्लाइलला पाठवले गेले होते. त्यांची नात भाषा शिकायला बसली तेव्हा ती दूरध्वनीवरच्या वर्गातून शब्द जुळवत होती.

अमेरिकेच्या गृह खात्याने 2024 मध्ये पूर्ण केलेल्या चौकशीत 1819 ते 1969 या काळातील अशा 417 संघराज्यीय निवासी शाळांची नोंद झाली आणि तिथे मरण पावलेल्या किमान 973 मुलांची खातरजमा झाली. ही चौकशी डेब हालांड या मंत्री असताना झाली. त्या अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील पहिल्या मूळनिवासी मंत्री. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी या शाळांबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली.

या शाळांचा भाषेवरचा घाव मात्र आकड्यांत दिसत नाही. या मुलांपैकी अनेकांना मोठेपणी स्वतःची भाषा येत होती. ती त्यांनी आपल्या मुलांना दिली नाही. ज्या शब्दासाठी आपण मार खाल्ला तो शब्द आपल्या लेकराच्या तोंडी यावा असे कोणत्या आईला वाटेल? साखळी तुटली ती इथे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की लोकांनी स्वखुशीने इंग्रजी स्वीकारली.

भाषा आहे तरी कशी

इथे थोडे थांबून भाषेकडेच पाहू. नुसते 'वाचवा, वाचवा' म्हणताना वाचवायचे काय, हे अनेकदा मागे राहते.

ओजिब्वे ही तिची सख्खी बहीण, पण पोटावाटोमीने बोलता बोलता कमजोर ऱ्हस्व स्वर गाळून टाकले. ओजिब्वेत माणसाला 'अनिशिनाबे' म्हणतात, पोटावाटोमीत 'नेश्नाबे'. झाडाला तिकडे 'मितिग', इकडे 'म्तेक'. अस्वल तिकडे 'मक्वा', इकडे 'म्को'. भेटल्यावर 'बोझो' म्हणायचे, आणि मित्राला 'निकान' अशी हाक.

या भाषेतली नामे स्त्रीलिंगी-पुल्लिंगी नसतात. ती सजीव किंवा निर्जीव असतात. 'तो' आणि 'ती' दोघांसाठी एकच सर्वनाम आहे, 'विन'. झाड सजीव गटात येते, म्हणून त्याचे अनेकवचन माणसांसारखे 'म्तेगोक' होते. किमरर यांनी नोंदवले आहे की खडक, पाणी, अग्नी, ढोल आणि गोष्टीसुद्धा सजीवांप्रमाणे बोलल्या जातात. त्यांच्या मते इंग्रजीचा भार नामांवर आहे आणि या भाषांचा क्रियापदांवर. इंग्रजीत उपसागर ही एक वस्तू असते. इथे 'उपसागर असणे' ही पाण्याची क्रिया असते. रात्रीतून अळंबीला जमिनीबाहेर ढकलणाऱ्या शक्तीसाठी 'पहपोवी' असा शब्द त्यांनी सांगितला आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या इंग्रजी परिभाषेत त्यासाठी एकही शब्द नव्हता. अशा उदाहरणांवरून 'मूळनिवासींची भाषा म्हणजे निसर्गाची भाषा' असले गोडगोड निष्कर्ष काढायची घाई करू नये. या भाषेत भांडणे होत, थट्टा होई आणि हिशेबही मांडले जात.

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. 'मी तुला पाहतो' आणि 'तू मला पाहतोस' ही दोन्ही वाक्ये पोटावाटोमीत एकेका क्रियापदातच होतात, आणि दोन्हींची सुरुवात 'तू' दाखवणाऱ्या 'ग' या उपसर्गाने होते. समोरचा माणूस व्याकरणात नेहमी आधी येतो.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाला लगेच कळेल, इंग्रजी वाचकाला समजावून सांगावी लागते. पोटावाटोमीत 'वी' साठी दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून म्हणायचे असेल तर 'गिनान', त्याला वगळून म्हणायचे असेल तर 'निनान'. म्हणजे थेट आपले 'आपण' आणि 'आम्ही'. 'ही जमीन आपली आहे' आणि 'ही जमीन आमची आहे' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पोटावाटोमींच्या जमिनीचे करार इंग्रजीत लिहिले गेले आणि इंग्रजीत हा भेद करता येत नाही.

कागद, ध्वनिफिती आणि माणसे

या भाषेची पहिली छापील पुस्तके मिशनऱ्यांनी काढली. जॉन्स्टन लायकिन्स या बाप्टिस्ट मिशनऱ्याचे मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर 1844 मध्ये छापले गेले. तिचा पहिला शास्त्रीय अभ्यास चार्ल्स हॉकेट या भाषाशास्त्रज्ञाने केला. त्यांचा 1939 चा प्रबंध पोटावाटोमीवर होता आणि नंतर 1948 मध्ये त्यांनी व्याकरणावर लेखमाला प्रसिद्ध केली. हॉकेट पुढे अमेरिकी भाषाशास्त्रातले मोठे नाव झाले. मात्र या कामाची भाषा तज्ज्ञांची होती. ज्या समाजाकडून वाक्ये घेतली त्या समाजातल्या आईला त्यातून मुलाशी बोलता येईल असे त्यात फारसे नव्हते.

लोकांच्या वापरासाठी लेखनपद्धती तयार झाली ती 1970 च्या दशकात, विस्कॉन्सिनमधील मूळनिवासी भाषांच्या एका प्रकल्पातून. आजही सर्व गटांत लेखन एकसारखे नाही. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उच्चारांत आणि शब्दांत फरक आहेत. मोजकीच माणसे बोलतात आणि तरी वाद आहेत, याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते. मला हे जिवंतपणाचे लक्षण वाटते. तरी शिकणाऱ्याला त्याचा त्रास होतोच. एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे पाहून नवखा माणूस गोंधळतो आणि पुस्तक मिटून ठेवतो.

मग मार्ग कोणते निघाले? पहिला मार्ग म्हणजे जाणत्या म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसणे. कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मूळनिवासी कार्यकर्ते आणि भाषाशास्त्रज्ञ लीन हिंटन यांनी 'गुरू आणि उमेदवार' ही पद्धत उभी केली. एक जाणता, एक शिकणारा, आणि दोघांनी रोजचे व्यवहार करताना फक्त त्याच भाषेत बोलायचे. स्वयंपाक, धुणे, गाडी दुरुस्ती, काहीही करताना. वर्गात बसून शब्दांच्या याद्या पाठ केल्याने भाषा येत नाही, हे त्यामागचे गृहीतक. मिशिगनच्या पोकॅगन बँडमधील तरुणांनी याच धर्तीवर विस्कॉन्सिनला जाऊन फॉरेस्ट काउंटीतल्या वडीलधाऱ्यांकडून भाषा शिकून घेतली. 1838 च्या सुमारास जे भाऊबंद एकमेकांपासून तुटले, त्यांची नातवंडे-पणतवंडे भाषेसाठी पुन्हा एकमेकांच्या दारात आली.

दुसरा मार्ग आहे तंत्रज्ञानाचा. ओक्लाहोमातील शॉनी इथल्या सिटिझन पोटावाटोमी नेशनचे 30 हजारांहून अधिक सदस्य अमेरिकाभर पसरलेले आहेत, त्यामुळे त्यांना एका वर्गात बसवणे अशक्यच. त्यांच्या भाषा विभागाने जस्टिन नीली यांच्या नेतृत्वाखाली ऑनलाइन शब्दकोश, व्हिडिओ आणि घरबसल्या करता येणारे अभ्यासक्रम काढले. तिथल्या पाळणाघरांत लहान मुलांना भाषा ऐकवली जाते, आणि ओक्लाहोमातल्या काही शाळांत विद्यार्थ्यांना स्पॅनिश किंवा फ्रेंचऐवजी पोटावाटोमी घेता येते. हा शेवटचा बदल वरवर किरकोळ वाटेल. पण ज्या शाळेने भाषा मारली, तिच्याच गुणपत्रिकेवर आता ती भाषा गुण मिळवून देते.

पैसा कुठून येतो, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे. काही पैसा संघराज्याच्या अनुदानातून येतो. 1990 च्या नेटिव्ह अमेरिकन लँग्वेजेस ॲक्टने मूळनिवासी भाषा जपण्याचा हक्क मान्य केला आणि 2006 च्या एस्थर मार्टिनेझ यांच्या नावाच्या कायद्याने भाषेच्या शाळांना, पाळणाघरांना मदतीची वाट मोकळी केली. दुसरा मोठा स्रोत म्हणजे कॅसिनो. फॉरेस्ट काउंटी पोटावाटोमींचा मिलवॉकी शहरात मोठा कॅसिनो आहे, इतर गटांचेही आहेत. जुगाराच्या पैशातून आजीची भाषा वाचवणे अनेकांना खटकते. मलाही सुरुवातीला खटकले. पण स्वतःचा पैसा असल्यामुळे शिक्षक कोण नेमायचा आणि पुस्तक कोणते छापायचे हे समाज स्वतः ठरवतो, अनुदान देणारा नाही. सरकार बदलले की अनुदानाचे धोरणही बदलू शकते. डिसेंबर 2024 मध्ये बायडन सरकारने मूळनिवासी भाषांसाठी 10 वर्षांचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, आणि मार्च 2025 मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला.

मालकीचाही प्रश्न आहे. आजोबांचा आवाज ज्या ध्वनिफितीत आहे ती कोणाची? डकोटातील स्टँडिंग रॉक सू समाजाच्या परिषदेने 2022 मध्ये लाकोटा भाषेवर काम करणाऱ्या एका बाहेरच्या संस्थेला आपल्या भूमीवर बंदी घातली. वडीलधाऱ्यांकडून गोळा केलेल्या साहित्यावर संस्था स्वामित्वहक्क सांगत असल्याची तक्रार होती. तेव्हापासून अनेक समाज रेकॉर्डिंगच्या आधी करार करण्याबाबत जागरूक झाले आहेत. पोटावाटोमींमध्ये शब्दकोश आणि अभ्यासक्रम समाजाच्या स्वतःच्या विभागांनी काढले, हे त्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

शिकलेली भाषा 'खरी' असते का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. नवशिक्यांच्या बोलण्यात इंग्रजीची चाल येते, क्रियापदांची गुंतागुंत कमी होते, संगणकासाठी आणि मोबाइलसाठी शब्द घडवावे लागतात, हे सगळे खरे आहे. उत्तर शेजारीच आहे. इंडियानातल्या मायामी लोकांची भाषा पोटावाटोमीच्याच कुळातली. तिचे शेवटचे भाषिक विसाव्या शतकाच्या मध्यास गेले. 1990 च्या दशकात डॅरिल बाल्डविन यांनी जुन्या मिशनरी हस्तलिखितांवरून ती शिकायला सुरुवात केली, आपल्या मुलांना तिच्यात वाढवले, आणि आज ओहायोतील मायामी विद्यापीठात तिच्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी शतकाहून अधिक काळ कोणीच न बोललेली वाम्पानोआग भाषा उभी केली आणि त्यांची मुलगी त्या भाषेत वाढली. या दोघांजवळ उच्चार विचारायला एकही जिवंत माणूस नव्हता. पोटावाटोमींजवळ अजून थोडी माणसे आहेत, आणि जे करायचे ते त्यांच्या हयातीतच करावे लागणार आहे.

भाषेबरोबर जमीनही थोडी परत येऊ लागली आहे. इलिनॉयमध्ये शाबोना नावाच्या प्रमुखाची 1,280 एकर राखीव जमीन तो नातलगांना भेटायला गेलेला असताना सरकारने 1849 मध्ये लिलावात विकून टाकली होती. प्रेअरी बँडने तिथली जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली. एप्रिल 2024 मध्ये संघराज्याने त्यातील 130 एकर त्यांच्यासाठी ट्रस्टमध्ये घेतली आणि इलिनॉय राज्यात मूळनिवासींचे मान्यताप्राप्त राष्ट्र पुन्हा अस्तित्वात आले. 2025 मध्ये राज्याने शाबोना लेक उद्यानही त्यांना देण्याचा कायदा केला.

1988 पासून दर पाच वर्षांनी पोटावाटोमी वंशज मृत्यूच्या वाटेवरून गाड्यांचा ताफा घेऊन जातात. वाटेवर जागोजागी स्मृतिफलक उभे आहेत. याशिवाय दरवर्षी सर्व पोटावाटोमी गट एका ठिकाणी जमतात, यजमानपद पाळीपाळीने फिरते. मुख्य मेळाव्याच्या आधी काही दिवस भाषेची परिषद भरते. कॅन्ससचे, ओक्लाहोमाचे, मिशिगनचे आणि विस्कॉन्सिनचे लोक तिथे एकत्र बसतात आणि 'आमच्याकडे हा शब्द असा म्हणतात' यावरून वाद घालतात.